सात पर्वत्यांचा कनकेश्वर

पर्वतीला १०३ पायऱ्या. अलिबागजवळच्या कनकेश्वराच्या डोंगरावर, शंकराच्या देवळापर्यंत, सातशेच्या वर. म्हणजे लागोपाठ सात वेळा पर्वती चढायची, आणि तीही समुद्राकाठच्या चिकट हवेत. पुण्याहून अलिबागला निघालेल्या बहुतेक गाड्या या डोंगराला बाहेरूनच वळसा घालून वरसोली नाहीतर नागावच्या वाळूत जाऊन थांबतात. घोडागाडी, उंटावरचा फोटो, सुरमईची थाळी आणि संध्याकाळी वडखळच्या रांगेत दोन तास. डोंगर राहूनच जातो. दिवस कनकेश्वरापासून सुरू केला तर उरलेल्या अलिबागचा नकाशा आपोआप डोक्यात बसतो. वरून एका बाजूला खांदेरी-उंदेरी हे जलदुर्ग, खाली थळ आणि किहीमची माडांची रांग, दक्षिणेकडे कुलाब्याचा किल्ला आणि पाठीमागे धरमतरची खाडी दिसते. आधी वरून पाहायचं आणि मग उतरून एकेक ठिकाण गाठायचं, हाच क्रम बरा.

डोंगर सह्याद्रीपासून सुटा आहे. मुख्य रांग आणि तो यांच्यामध्ये खाडी आणि भातखाचरांचा सखल पट्टा पसरलेला. दक्षिणेला सागरगड, उत्तरेला कनकेश्वर आणि दोघांच्या मधल्या फटीतून अलिबागचा रस्ता जातो, ती कार्ले खिंड. उंची म्हणाल तर हजार-बाराशे फूट. आकडा ऐकून सिंहगडवाले हसतात, पण इथे पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. जेवढी उंची कागदावर, तेवढी पायांत.

पुण्याहून सोयीचा रस्ता एक्स्प्रेस वेने खोपोली, तिथून पेण, वडखळ नाका, धरमतरचा पूल, पोयनाड आणि कार्ले खिंड. लोणावळ्याच्या परिसरातून जाताना एक आठवण ठेवायला हरकत नाही: १७१४ साली इथेच बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांच्यात तह झाला आणि आंग्रे शाहू छत्रपतींच्या बाजूला आले. आपण ज्यांच्या मुलखात निघालोय त्यांचं आणि पुण्याचं नातं तिथपासूनचं. कार्ले खिंडीत सरळ अलिबागला न जाता उजवीकडे वळायचं. हा रस्ता डोंगराच्या कडेने कनकेश्वर फाट्याकडे जातो, तिथून पायथ्याचं मापगाव जवळ. अलिबाग शहरात शिरून रेवस रस्त्याने चोंढीमार्गे यायचं ठरवलं तर उगाच गर्दी आणि जास्तीचे किलोमीटर. एसटीने येणाऱ्यांना मात्र तोच मार्ग: स्वारगेटहून अलिबाग आणि तिथून रेवस-मांडव्याकडची गाडी. एसटीने चढाईला उशीर होतोच, त्यामुळे आदल्या रात्री अलिबागला मुक्काम केलेला चांगला.

गाडीने पुण्यातून पहाटे पाचच्या आत निघा. तीन ते साडेतीन तास धरले तर साडेआठपर्यंत मापगाव. या वेळेचं कारण साधं आहे. पायऱ्या डोंगराच्या पश्चिम अंगाने चढतात, म्हणून सकाळी ऊन डोंगराच्या पलीकडे असतं आणि वाट डोंगराच्याच सावलीत. एकदा सूर्य माथ्यावरून अलीकडे आला की ती सावली गेली. दुपारी तीनला जो चढायला लागतो त्याच्या पाठीवर मावळतीचं ऊन आणि पायाखाली तापलेला दगड. झाडी आहे, पण सलग नाही.

दमट हवेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुणेकरांची फसगत इथेच होते. आपल्याकडे कोरड्या हवेत घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग गार करतो. कोकणात घाम येतो आणि तसाच राहतो. शरीर तापत जातं, माणूस आणखी घामाघूम होतो, आणि पन्नास मिनिटांत सिंहगड मारणारा गडी तीनशेव्या पायरीला बसून राहतो. दर शंभर पायऱ्यांनंतर दम लागो न लागो, दोन मिनिटं थांबा. माणशी दोन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. पाणी घटाघटा न पिता घोट घोट. सुती शर्ट ओला झाला की अंगाला चिकटतो, म्हणून एक सुका शर्ट पिशवीत ठेवा आणि माथ्यावर बदला. चढायला सवयीच्या माणसाला तासभर पुरतो. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर दीड तास धरा आणि त्यांच्याच वेगाने चला. गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांनी मात्र विचार करून निघावं. चढणं जमतं, उतरणं जमत नाही.

पायऱ्या १७६४ च्या. राघोजी आंग्र्यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी त्या बांधवून घेतल्या. दगड जुना, घडीव आणि अडीचशे वर्षांच्या पावलांनी मधोमध गुळगुळीत झालेला. इथे एक बारकावा आहे. पाय नेहमी पायरीच्या मध्यावर न टाकता कडेला, जिथे दगड अजून खरबरीत आहे तिथे टाकावा, विशेषतः उतरताना. पायऱ्यांची रुंदीही सारखी नाही. कुठे एका पावलात पायरी संपते, कुठे दीड पाऊल लागतं, त्यामुळे लय बसत नाही आणि प्रत्येक वेळी तोच पाय पुढे येऊन एकाच गुडघ्यावर भार पडतो. रुंद पायरीवर मुद्दाम एक छोटं पाऊल जास्तीचं टाकलं की पाय आपोआप बदलतो. पावसाळ्यात शेवाळ धरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. माघ-फाल्गुनात वाळलेला पाला पायऱ्यांवर साचतो आणि त्यावरून घसरायला होतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. तळ झिजलेले बूट आणि कडक प्लास्टिकच्या चपला घरी ठेवा. यापेक्षा अनवाणी चढणारा भाविक सुरक्षित.

वाटेत टप्पे आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. पायथ्याशी मोहनगिरी गोसाव्यांची समाधी. मग नागोबाचा टप्पा, गायमांडी, देवाची पायरी, पालेश्वराचं छोटं देऊळ. चढणाऱ्यांच्या तोंडी ही नावं अंतराच्या खुणा म्हणून असतात. ‘गायमांडीपर्यंत आलात ना, मग झालंच की’ असं उतरणारा माणूस हमखास सांगतो. तो धीर द्यायला बोलतोय हे ओळखून पाणी राखूनच ठेवावं.

माकडं आहेत. पिशवीचा चुरचुर आवाज त्यांना लांबून कळतो. खाऊ हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा, चष्मा आणि मोबाइल सांभाळा आणि हौसेने केळी देऊ नका. तुम्ही देता, पुढच्याच्या हातून ती ओढून घेतली जातात.

माथ्यावर गेल्यावर लोक थेट गाभाऱ्याकडे वळतात. त्याआधी देवळाला एक फेरी घाला, आणि फेरी घालताना नजर जमिनीजवळ ठेवा. देवळाची मांडणी तारकाकृती आहे. भिंत सरळ न जाता सतत कोन घेत आत-बाहेर होते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कोनाची एक बाजू उजळलेली, एक काळी दिसते. खालचा काळ्या दगडाचा भाग आणि वरचं काम यांतला फरक थोडं लांब उभं राहिलं की लगेच कळतो. समोर मोठी पुष्करणी आहे. पाणी कमी असलं की तिचं बांधकाम चांगलं पाहता येतं. त्यात पोहायला उतरू नये. पायऱ्या निसरड्या आणि पाणी खोल. कथा अशी सांगतात की कनकासुराने शंकराशी युद्ध केलं, शंकर त्याच्या पराक्रमावर प्रसन्न झाले आणि त्याच्याच नावाने इथे राहिले. हरलेल्या असुराचं नाव देवाला लागायची ही तऱ्हा कोकणात आणि घाटावर दोन्हीकडे सापडते. जवळच लंबोदरानंद स्वामींनी स्थापन केलेलं श्रीरामसिद्धिविनायकाचं देऊळ आहे, तिथे शांतता जास्त. वर वस्ती आहे, चहा-सरबत मिळतं. जेवण हवं असेल तर पोहोचल्याबरोबर सांगावं म्हणजे दर्शन होईपर्यंत तयार होतं. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा हे दिवस भक्तीसाठी उत्तम. देऊळ निरखायचं असेल तर ते टाळा.

समुद्र पाहायचा तर दिवाळीनंतर ते माघापर्यंत. उन्हाळ्यात क्षितिजावर धुरकट पट्टा येतो आणि खांदेरी त्यात विरघळून जाते. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी थळजवळच्या पाण्यात दोन ठिपके दिसतात. मोठी ती खांदेरी, किनाऱ्याच्या बाजूची उंदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, त्यांच्या आरमाराचा अधिकारी मायनाक भंडारी तिथे उभा राहिला आणि मुंबईच्या इंग्रजांनी आरमार पाठवूनही काम थांबलं नाही. हे बेट एवढं मोलाचं का, ते वरून पाहताना लगेच समजतं: मुंबईच्या तोंडाशी येणारं-जाणारं प्रत्येक गलबत या बेटावरून दिसतं. पुढच्याच वर्षी, १६८० च्या आरंभी, जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी घेतली. मग एवढ्याशा पाण्याच्या पट्टीवरून दोन किल्ले एकमेकांवर तोफा रोखून बसले. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरी आहे. कुलाबा नाही. खांदेरीला जायला थळहून होडी लागते आणि पावसाळ्यात ती नसते, तेव्हा एका दिवसाच्या सहलीत खांदेरी वरूनच पाहावी.

आता कुलाबा. इथे लोक घड्याळ चुकतात आणि चूक महागात पडते. किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीला नाही. अलिबागच्या वाळूत उभं राहून ‘पाणी कधी उतरणार’ विचारण्यापेक्षा आदल्या दिवशी पंचांग उघडा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराला. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाऊणच का, तर भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि जुन्या माणसांनी ती पाऊण तासावर बसवली. हिशेब अर्धा-पाऊण तास, कधी तासभरसुद्धा इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्यायचाच. पण कोणती तारीख निवडायची ते ठरवायला तिथी पुरते.

फक्त वेळ पाहून भागत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी खाली जाते आणि किल्ल्यापर्यंतचा खडक जवळजवळ कोरडा पडतो, पण ती ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असतो: ओहोटी सोयीच्या वेळी, दुपारी, पण पाणी पुरतं हटतच नाही आणि पायवाटेवर गुडघाभर राहतं. सकाळी कनकेश्वर आणि दुपारी कुलाबा असं जोडायचं तर दशमी-एकादशी बघा. ओहोटी दोन-अडीचच्या आसपास पडते आणि भांगाचा जोर ओसरायला लागलेला असतो. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा, आत तासभर फिरा आणि पाणी फिरलं की निघा. आत गेल्यावर ‘अजून दहा मिनिटं’ म्हणणाऱ्यांनाच परत येताना कमरेएवढ्या पाण्यातून यावं लागतं. भरती इथे समोरून लाट होऊन येत नाही. आधी दोन्ही बाजूंच्या खोलगट जागा भरतात, आणि आपण उभे आहोत तो उंचवटा कोरडा असतानाच परतीची वाट बुडते.

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये सुरू केलं आणि संभाजी महाराजांनी ते पुरं करवलं. तटाजवळ जाऊन दोन चिऱ्यांच्या मधल्या फटीत बोट घालून पाहा. चुना नाही. प्रचंड दगड नुसते एकावर एक रचलेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तसंच निथळतं, धक्का भिंतीत साठून राहत नाही. चुन्याने बंद केलेली भिंत हा मार सोसताना कधीतरी भेगाळली असती. फटींमध्ये उगवलेली झाडं मात्र आता हे दगड हळूहळू उचकटतायत. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून या किल्ल्यावर चाल केली आणि ती फसली. कान्होजींच्या मदतीला थोरले बाजीराव आले होते. आतलं सिद्धिविनायकाचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. कनकेश्वरच्या पायऱ्या त्यानंतर पाच वर्षांनी, त्याच राघोजींच्या दिवाणाने केलेल्या. सकाळी चढलेला डोंगर आणि दुपारी गाठलेला किल्ला एकाच घराने सांभाळलेला, हे दोन्ही एका दिवसात पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

तिथी जमली नाही तर कुलाबा सोडून द्या आणि डोंगर उतरल्यावर झिराड-आवास करत सासवण्याला जा. पुणेकराला तिथे ओळखीचं माणूस भेटतं. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा आपण पाहिलेला असतो. तो घडवणारे विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर या सासवण्याचे. लहानपणी गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी पाहिलं आणि मुलाची रवानगी मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये केली. पुण्याचा पुतळा मुंबईत माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतला, रेल्वेने पुण्याला आणला आणि १९२८ मध्ये त्याचं अनावरण झालं. सासवण्याला त्यांच्या राहत्या घरी शिल्पालय आहे. ‘शंखध्वनी’ आणि कोळीण तर आहेतच, पण अंगणातली म्हैस पाहा. सिमेंटची आहे हे माहीत असूनही माणूस तिच्या शिंगांपासून अंतर ठेवून चालतो. उघडं असण्याची वेळ आधी फोनवर विचारून घ्या. दुपारी बंद दारासमोरून परतणारे बरेच असतात.

किहीम-थळच्या मधलं नवगाव हे बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचं, मूळ ठिकाण मानतात. त्यांच्या परंपरेप्रमाणे इथे जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. तिथे जुनं दफनस्थान आणि स्मारक आहे. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमकर, नवगावकर, झिराडकर ही आडनावं कनकेश्वराच्या पायथ्याशी फिरताना पाट्यांवरच्या गावांतून समोर येतात. कार्ले खिंडीच्या बाजूला खंडाळे गावात एलियाहू हन्नबीचा टापा म्हणून एक खडक आहे. प्रेषित एलियाहूच्या रथाची ती खूण, असं समाज मानतो आणि आजही तिथे नवस फेडायला येतो. रास्ता पेठेतल्या सिनेगॉगवरून रोज जाणाऱ्या पुणेकराला हे गाव ठाऊक नसतं. दफनस्थानात जायचं तर डोकं झाकून आणि आवाज बेताचा ठेवून.

आणि पक्ष्यांच्या नादाने आलेल्यांसाठी: सालिम अलींनी १९३० मध्ये सुगरणीचा अभ्यास केला तो याच किहीमला.

परतताना फेब्रुवारी ते मे असेल तर कार्ले खिंडीच्या आसपास रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. भात कापून झालं की त्याच खाचरांत जमिनीच्या उरलेल्या ओलीवर हा कांदा लावतात. तिखटपणा कमी, कच्चा खाल्ला तर गोडसर. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तेव्हापासून दुसरीकडचा पांढरा कांदाही याच नावाने खपायला लागलाय. इथला कांदा सुट्टा विकत नाहीत असं नाही, पण ओळख माळेची: पातीसकट काढून, पात वाळवून, तिचीच वेणी घालतात. माळ हातात घेऊन वेणी दाबून पाहा. मऊ किंवा दमट लागली तर ती पुरती वाळलेली नाही आणि पुण्याला पोहोचून पंधरवड्यात मानेपासून कुजायला लागेल. मान बारीक आणि कोरडी असलेले, मध्यम आकाराचे कांदे टिकतात. फार मोठे आधी संपवायचे. डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली माळ घाट चढेपर्यंत घामेजते, म्हणून ती मागच्या सीटवर मोकळी ठेवा आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात न लावता सावलीच्या गॅलरीत, वारा लागेल अशी, खिळ्याला टांगा. काढताना खालून एकेक कापायचा. मधलाच ओढला की वेणी सुटते.